सात माणसे, मिसळीचा ट्रेलर आणि जुनी मोठी एसयूव्ही: नाशिकमधून सल्ला हवा

गंगापूररोडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरात आई, वडील, मी, पत्नी, धाकटा भाऊ आणि चौदा व नऊ वर्षांची दोन मुले अशी सात माणसे आहेत. आजवर आमची सेडान आणि भावाची जुनी हॅचबॅक अशा दोन गाड्या काढूनच आम्ही सगळीकडे जात आलो. प्रत्येक वेळी डबे एका गाडीत आणि ताटल्या दुसऱ्या गाडीत राहतात, आणि वणीच्या गडावरून उतरताना आई कोणत्या गाडीत बसणार यावर दहा मिनिटे चर्चा होते. दोन्ही गाड्या विकून एकच मोठी, सात आसनी, वापरलेली डिझेल एसयूव्ही घ्यावी असे आता ठरत आले आहे.

एवढ्यावर भागले असते तर येथे विचारण्याची गरज नव्हती. पत्नी आणि भाऊ मिळून दोन वर्षांपासून मिसळीचा फिरता ट्रेलर चालवतात. तो एका ॲक्सलचा आहे आणि अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला आहे. रिकामा असताना त्याचे वजन साडेसहाशे किलो भरते. भांडी, शेगड्या, 19 किलोचे दोन सिलिंडर, पाण्याची दोनशे लिटरची टाकी आणि बाकीचे सामान भरले की ते नऊशेच्या वर जाते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. सध्या तो ओळखीच्या माणसाच्या पिकअपमागे जोडून नेतो आणि प्रत्येक वेळी त्याची सवड पाहावी लागते. शहरातले कार्यक्रम, द्राक्ष हंगामातली प्रदर्शने आणि डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा एवढे तरी आमचे ठरलेले आहे; पुढे 2027 च्या सिंहस्थातही काही करता येईल का, हे डोक्यात आहे.

अंदाजपत्रक सोळा ते अठरा लाखांचे आहे. 2017 ते 2019 या काळातली फॉर्च्युनर 2.8, त्याच काळातली एन्डेव्हर 3.2, आणि सगळे म्हणतात म्हणून इनोव्हा क्रिस्टा, अशा तीन गाड्या मनात आहेत. एका व्यापाऱ्याने तर परराज्यातली फॉर्च्युनर बरीच स्वस्तात देऊ केली आहे. सात माणसे आणि मागे ट्रेलर, हे दोन्ही एका गाडीला पेलेल का, आणि घाटात ती कशी वागेल, हे मला जाणून घ्यायचे आहे. मायलेजची फार चिंता नाही. आईचे गुडघे आणि घाटातला उतार या दोन गोष्टींची मात्र आहे.


सातपूरचा फिटर

नमस्कार. माझे सारे आयुष्य सातपूर औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या खाली झोपून गेले, त्यामुळे वरचा पत्रा आणि आतले लेदर याबद्दल मी बोलणार नाही. आपला प्रश्न इंजिनच्या ताकदीचा नाही, तो वजनाचा आणि ब्रेकचा आहे. एवढे पटले तर निवड सोपी होईल.

ताकद या तिन्ही गाड्यांत भरपूर आहे. फॉर्च्युनरचे 2.8 इंजिन 177 पीएस देते, तिचा टॉर्क मॅन्युअलमध्ये 420 आणि ऑटोमॅटिकमध्ये 450 न्यूटन-मीटर आहे. एन्डेव्हरचे पाच सिलिंडरांचे 3.2 इंजिन 200 पीएस आणि 470 न्यूटन-मीटरचे आहे. क्रिस्टाचे 2.4 इंजिन 150 पीएस आणि 343 न्यूटन-मीटरवर थांबते, पण नऊशे किलोचा ट्रेलर तेही ओढील. ओढण्यासाठी कोणीही चालेल. थांबवताना आणि पेलताना खरी परीक्षा होते.

आता हिशेब करू. या वर्गातल्या चारचाकी ड्राइव्हच्या गाडीचे स्वतःचे वजन साधारण 2,100 ते 2,200 किलो असते आणि तिला अनुमत असलेले एकूण वजन पावणेतीन टनांच्या आसपास असते. म्हणजे माणसे, सामान आणि हुकवर येणारा भार मिळून सुमारे साडेपाचशे ते सहाशे किलोचीच मुभा उरते. आपली पाच मोठी माणसे सत्तर किलोची धरली तर साडेतीनशे झाले, मुलांचे ऐंशी धरा, म्हणजे चारशे तीस. बॅगा आणि डबे सत्तर-ऐंशी. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग बॉलवर, म्हणजे ट्रेलरचे तोंड ज्या गोळ्यावर अडकते त्यावर, पर्यायाने गाडीच्या शेपटीवर येतो. तो नव्वद झाला. टो-बारचे, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवतात त्या दांड्याचे, लोखंड वीस-तीस किलोचे असतेच. बेरीज सहाशेच्या पुढे जाते, म्हणजे सातही माणसे आत आणि भरलेला ट्रेलर मागे असताना दोन टनांची ही धूड गाडीसुद्धा मर्यादेच्या काठावर उभी असते. लोकांना हे पटत नाही, कारण गाडी डोळ्यांना मोठी दिसते. आपल्याला आवडलेल्या गाडीचे नेमके आकडे तिच्या दाराच्या खांबावरील पाटीवर आणि माहितीपुस्तिकेत पाहावेत, माझ्या अंदाजावर विसंबू नये.

माझी पहिली सूचना गाडीची नाहीच, ट्रेलरची आहे. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर 750 किलोच्या वर नेऊ नये, अशी मर्यादा युरोपात प्रवासी गाड्यांसाठी सर्रास पाळली जाते आणि तिच्यामागे अनुभव आहे. आपण नऊशेच्या वर आहात. पाण्याची टाकी रिकामी करून निघालात तर एकाच फटक्यात दोनशे किलो उतरतात, शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर हिंदकळून ट्रेलरला ढकलते तेही टळते. पाणी मुक्कामी पोहोचल्यावर भरता येते. यानंतरही ट्रेलरला ओव्हररन ब्रेक बसवून घ्यावा असे मी सांगेन. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानेच त्याच्या चाकांचे ब्रेक लागतात. त्याला वेगळी वीज किंवा नियंत्रक लागत नाही. मागे घेताना मात्र तो अडतो, म्हणून आपोआप सुटणारी यंत्रणा असलेलाच घ्यावा.

गाडीच्या निवडीबाबत एकच अट सांगतो. शिडीसारख्या चौकटीवर, म्हणजे लॅडर फ्रेमवर बांधलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यावी. आपल्या तिन्ही गाड्या त्या प्रकारच्या आहेत, म्हणून यादी चांगली आहे. 2021 नंतरची सफारी किंवा एक्सयूव्ही 700 प्रवासाला उत्तम आहेत, परंतु त्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चौकट नसलेल्या, आहेत आणि सफारी तर पुढच्या चाकांवरच चालते. शेपटीवर नव्वद किलो ठेवले की पुढची चाके हलकी होतात, आणि ओल्या चढावर नेमक्या त्याच चाकांना पकड हवी असते. टो-बार फ्रेमच्या दोन्ही लांब तुळयांना बोल्टने बसवलेला असावा; बंपरला किंवा पत्र्याला जोडलेला हुक म्हणजे शोभेची वस्तू आहे. फ्रेमवर वेल्डिंग कोणालाही करू देऊ नका, कितीही जुना मिस्त्री असला तरी.


पेठरोडचा प्रवासी

सातपूरकरांनी यंत्राची बाजू सांगितली आहे, मी कागदांची सांगतो. माझे काम विमा आणि हस्तांतरणाच्या कागदांशी संबंधित आहे आणि आठवड्यातले तीन दिवस मी आरटीओच्या रांगेत असतो.

आपण ट्रेलरच्या नोंदणीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून आधी तोच विषय घेतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो आणि कलम 61 नुसार नोंदणीचे नियम त्याला इतर वाहनांप्रमाणेच लागू होतात. ट्रेलरचा क्रमांक ट्रेलरच्याच बाजूवर दिसला पाहिजे आणि गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसला पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. फॅब्रिकेटरने बनवून दिला, रंग दिला आणि चाके लावली, एवढ्याने तो रस्त्यावर आणण्याजोगा होत नाही. शेजारचे पाच जण तसेच फिरवतात हे खरे आहे, पण अपघात झाला की विमा कंपनी शेजाऱ्यांकडे पाहत नाही. खासगी नोंदणीच्या गाडीमागे व्यवसायाचा ट्रेलर ओढणे आपल्या पॉलिसीत बसते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे आणि ट्रेलर पॉलिसीत स्वतंत्र नोंदवून घ्यावा. गाडी घेण्यापूर्वी ट्रेलरच्या बांधणीची कागदपत्रे घेऊन आरटीओत एकदा प्रत्यक्ष विचारणा करावी. उत्तर नकारार्थी आले तर अठरा लाख खर्च झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

उत्पादकाची माहितीपुस्तिका हा दुसरा अडसर आहे. परदेशातल्या संकेतस्थळांवर याच गाड्यांच्या ओढण्याच्या क्षमतेचे आकडे सापडतात. ऑस्ट्रेलियात एन्डेव्हरची जुळी बहीण असलेल्या एव्हरेस्टला ब्रेकसह ट्रेलरसाठी 3,000 किलोची मान्यता होती. तो आकडा तेथे विकल्या गेलेल्या गाडीचा, तेथल्या टो-बारचा आणि तेथल्या नियमांचा आहे. भारतात विकलेल्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरबद्दल काय लिहिले आहे तेवढेच आपल्या बाजूने किंवा विरुद्ध वापरले जाईल, आणि काही पुस्तिकांत ट्रेलर ओढू नये असा सल्ला स्पष्ट छापलेला असतो. विक्रेत्याकडे गाडीची मूळ पुस्तिका मागा आणि ते पान वाचा.

आता परराज्यातल्या स्वस्त फॉर्च्युनरबद्दल. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर 2015 पासून निर्बंध आले आणि तेथल्या अनेक मोठ्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. त्यातल्या काही उत्तम असतात, हे मान्य करतो. परंतु मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे नमुना 28, नवीन क्रमांकासाठी नमुना 27, हस्तांतरणासाठी नमुने 29 व 30, कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना 35, आणि या सगळ्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर, एवढा पसारा आहे. डिझेल गाड्यांसाठी नवीन असताना तो किमतीनुसार 13 ते 15 टक्के असतो आणि जुन्या गाडीला वयानुसार घटवून लागतो, तरी वीस लाखांच्या वरच्या गाडीला ती रक्कम दुखते. स्वस्ताईतला बराचसा भाग तेथेच जातो. माझ्या स्वतःच्या चुलत भावाने अशी एक गाडी एका व्यापाऱ्याकडून घेतली. ना हरकत प्रमाणपत्र येण्यास पाच महिने लागले, तोवर गाडी अंगणात कापडाखाली उभी होती, आणि शेवटी सर्व्हिसच्या नोंदी काढल्यावर मीटर साठ हजारांनी मागे फिरवलेले निघाले. व्यापारी फोन उचलतो, पण बोलत नाही.

एमएच 15 ची, पहिल्या मालकाची, नाशिकच्याच रस्त्यांवर वाढलेली गाडी एक लाखाने महाग पडली तरी ती घ्यावी. हस्तांतरण झाल्यावर विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे हप्ता त्याने सांगितला त्यापेक्षा जास्त येईल हे गृहीत धरा. थकीत ई-चलने आधी तपासा. आपण पाहत असलेल्या गाड्या एप्रिल 2019 पूर्वीच्या असतील तर उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसलेली आहे का, तेही पाहावे.


राहूडचा उतार

मी चार वर्षे एका अॅक्सलचा ट्रेलर ओढत आहे. माझ्या ट्रेलरमध्ये मधमाशांच्या पेट्या असतात, मिसळ नाही, पण वजन आपल्याइतकेच, आठशे-साडेआठशे. गाडी जुनी क्रिस्टा, 2.4 मॅन्युअल.

पहिल्या वर्षी चांदवडच्या पुढे राहूड घाट उतरताना ट्रेलर डुलू लागला. आधी आरशात थोडीशी हालचाल दिसली, मग स्टिअरिंग हातात नसल्यासारखे वाटले, आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. तो दाबला असता तर आज हे लिहायला मी नसतो, असे मला नंतर एका ट्रेलरवाल्याने सांगितले. सुदैवाने शेजारी बसलेल्या मेव्हण्याने ओरडून पाय काढायला लावला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरले आणि वेग ऐंशीवरून पन्नासवर आल्यावर ट्रेलर शांत झाला. खाली धाब्यावर थांबून पाहिले तेव्हा कारण कळले. मी घाईत जड पेट्या मागच्या दाराजवळ लावल्या होत्या. त्यामुळे बॉलवर भार जवळपास नव्हताच, ट्रेलरची शेपटी जड आणि नाक हलके झाले होते.

तेव्हापासून जड वस्तू ॲक्सलच्या थोडी पुढे आणि जमिनीलगत ठेवतो. आपल्या बाबतीत सिलिंडर आणि मोठी पातेली तेथे यायला हवीत. सिलिंडर प्रवासात बंद, रेग्युलेटर काढलेले आणि पट्ट्याने उभे बांधलेले असावेत हे सांगण्याची गरज नसावी. बॉलवरचा भार मोजण्यासाठी फार काही लागत नाही. शेतमाल तोलायचा प्लॅटफॉर्म काटा घ्यावा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रेलरचे तोंड गाडीच्या हुकाइतक्या उंचीवर टेकवावे आणि वाचावे. पूर्ण ट्रेलरचे वजन करायला आमच्याकडे पिंपळगावला वजनकाट्यांची वाण नाही. मी कांद्याच्या दोन ट्रॅक्टरांमध्ये रांगेत उभा राहून करून घेतले तेव्हा काटेवाला हसला, पण पावती दिली. माझा अंदाज सातशेचा होता, पावतीवर 840 होते. आपलेही नऊशे हे मोजलेले आहेत की मानलेले?

घाटाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना ट्रकचालकांचा नियम ट्रेलरला तंतोतंत लागू आहे. ऑटोमॅटिक घेतलीत तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवायला शिका. गाडी डी मध्ये सोडून ब्रेकवर पाय ठेवत कसारा उतरलात, तर लतीफवाडीपर्यंत ब्रेकचा वास येईल. मुंबईकडे जायचे असल्यास समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा जून 2025 मध्ये सुरू झालेला टप्पा सोयीचा आहे, कारण सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटच टळतो. मात्र तेथे वेगाचा मोह होतो. ट्रेलर मागे असताना मी सत्तरच्या वर जात नाही आणि मागून कोण हॉर्न वाजवतो त्याकडे लक्ष देत नाही.


नाशिकची वसुधा

सगळ्यांचे सल्ले वाचले आणि एक साधा प्रश्न पडला. सातही माणसे आणि ट्रेलर एकाच वेळी, एकाच रस्त्याने, वर्षातून किती दिवस जाणार आहेत?

मी स्वतः केटरिंगचा व्यवसाय करते. कार्यक्रमाच्या दिवशी सासू-सासरे आणि मुले बरोबर नसतात, असली तर उलट अडचण होते. सहलीच्या दिवशी ट्रेलर बरोबर नसतो. म्हणजे एकाच गाडीकडून दोन कामांची अपेक्षा असली तरी ती कामे वेगवेगळ्या दिवशी आहेत. सारंगखेड्याला तुमची वहिनी, म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या पत्नी, आणि भाऊ एवढेच जाणार असतील तर सातपूरकरांच्या हिशेबातले चारशे तीस किलो दीडशेवर येतात आणि सगळे गणित सुटते. त्या हिशेबाने गाडी आईंच्या गुडघ्यांसाठी निवडा, ट्रेलरसाठी नव्हे.

फॉर्च्युनरची तिसरी रांग मी वापरलेली आहे. जमीन उंच असल्यामुळे गुडघे छातीशी येतात, आणि ती आसने दुमडून दोन्ही बाजूंना टांगली जातात तेव्हा सामानाची रुंदी खातात. चढण्यासाठी पायरी असली तरी माझ्या सासूबाईंना प्रत्येक वेळी हात द्यावा लागे. क्रिस्टात त्या स्वतः चढतात. क्रिस्टाला लोक एसयूव्ही म्हणत नाहीत म्हणून ती यादीत शेवटी लिहिलेली दिसते, पण घरातल्या ज्येष्ठांना विचारले असते तर ती पहिली आली असती.


गंगापूररोडकर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल आभार. काही उत्तरे देतो.

वजन मानलेले होते. काल द्वारका चौकाजवळच्या काट्यावर नेऊन केले: रिकामा 710, पाण्यासह पूर्ण भरलेला 1,040. फॅब्रिकेटरने सांगितलेले साडेसहाशे हे त्याच्या मनातले होते असे दिसते. पाण्याविना 840 भरतो. नोंदणीही नाही, हे लाजत कबूल करतो; बिलावर फक्त फूड कार्ट असे लिहिले आहे. सोमवारी पेठ रोडला जाऊन विचारणार आहे, आणि ब्रेकसाठी ॲक्सलच बदलावी लागेल असे दुसऱ्या एका कारागिराने सांगितले आहे.

वसुधाताईंच्या प्रश्नाने घरात शांतता पसरली. पत्नीने डायरी काढली: गेल्या वर्षभरात ट्रेलर एकतीस दिवस बाहेर गेला आणि त्यातल्या फक्त दोन दिवशी आम्ही सगळे बरोबर होतो. त्या दोन्ही दिवशी आईने घरी राहिले असते तर बरे झाले असते असे म्हटले होते, हेही पत्नीने आठवण करून दिले. परराज्यातल्या गाडीचा विचार सोडला आहे.

आता समोर दोन गाड्या आहेत. एक 2018 ची क्रिस्टा 2.4 मॅन्युअल, एमएच 15, पहिला मालक, एक लाख बारा हजार किलोमीटर, चौदा लाख सांगतात. दुसरी 2017 ची एन्डेव्हर 3.2, नाशिकचीच, दुसरा मालक, ब्याण्णव हजार किलोमीटर, साडेपंधरा. एन्डेव्हर बनवणाऱ्या फोर्ड कंपनीने भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा 2021 मध्ये केली, त्यामुळे सुट्या भागांची भीती वाटते, पण चालवून पाहिल्यावर मन तिच्याकडे ओढते हे खोटे बोलणार नाही. सातपूरकरसाहेब, पाहायला जाताना नेमके काय पाहावे?


सातपूरचा फिटर

1,040 वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ब्रेक बसेपर्यंत तो ट्रेलर पाणी भरून कोणत्याही गाडीमागे नेऊ नका, पिकअपमागेसुद्धा.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन चालू करू नये. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करा, कारण गरम करून ठेवलेले डिझेल इंजिन आपले दुखणे लपवते. थंड असताना पहिल्या दोन फिरकीत चालू झाले पाहिजे. सुरुवातीचा थोडा धूर क्षम्य आहे. निळसर धूर टिकून राहिला तर तेल जळते आहे, पांढरा टिकून राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट तपासायला हवे. इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण सैल करून पाहा. थोडीशी फुंकर येणे स्वाभाविक आहे, झाकण उडू लागले तर सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या खाली उतरतो आहे, तेथून सरळ घरी या.

नंतर गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्या. हे न करता मोठी एसयूव्ही घेणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. फ्रेमच्या तुळयांवर ताजा काळा रंग दिसला तर तो का दिला ते विचारा. मागच्या टोकाला जुनी भोके किंवा घासल्याच्या खुणा असतील तर या गाडीनेही पूर्वी काहीतरी ओढले आहे, आणि मग क्लच किंवा गिअरबॉक्सकडे दुप्पट लक्ष द्यावे लागेल. मॅन्युअल गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू धरून एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली आहे. या गाड्यांत क्लचसोबत जड फ्लायव्हीलही बदलावे लागले तर खर्च बराच होतो, तो किमतीतून वजा करून घ्या. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समधले तेल कधी बदलले याची पावती मागा. आयुष्यभर बदलायचे नसते असे उत्तर मिळेल. ट्रेलर ओढणाऱ्या माणसाने ते उत्तर मानू नये, कारण ओढताना ते तेलच सर्वांत आधी तापते आणि जळकट वासाचे तपकिरी तेल म्हणजे पुढच्या खर्चाची नोटीस असते.

दोन्ही गाड्या बीएस 4 या आधीच्या प्रदूषण मानकाच्या काळातल्या आहेत, त्यामुळे 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांत शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी धुराची गाळणी तुंबते ती कटकट आपल्यामागे नाही. कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या घराला हा फायदा लहान नाही. किलोमीटर खरे आहेत का ते मीटरवरून नव्हे, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींवरून आणि ब्रेक पेडलच्या रबरावरून ठरवा. पेडल गुळगुळीत आणि मीटर ब्याण्णव हजार, असे असेल तर एकजण खोटे बोलतो आहे, आणि पेडलला खोटे बोलता येत नाही.

एन्डेव्हर मला यंत्र म्हणून क्रिस्टाहून आवडते. ती ऑटोमॅटिक आहे, दुसऱ्या मालकाची आहे, आणि तिचे मोठे काम निघाले तर भाग मागवून वाट पाहावी लागू शकते. ती वाट आपण पाहाल, पण यात्रेची तारीख पाहणार नाही. क्रिस्टाचे काम नाशिकमध्ये कोणत्याही चौकात होते. आपल्या डायरीतले एकतीस दिवस क्रिस्टा पाण्याविना ट्रेलर ओढील, ट्रेलरला ब्रेक असल्यास निर्धास्त ओढील. उरलेल्या दिवशी आई पुढे बसतील.


पेठरोडचा प्रवासी

दोन्हींपैकी कोणतीही घ्या, पण क्रिस्टा असेल तर ती कधी पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी वाहतुकीची, होती का ते नोंदणीच्या इतिहासात नक्की पाहा. टूर्समध्ये फिरलेल्या बऱ्याच क्रिस्टा नंतर खासगी करून विकल्या जातात. एक लाख बारा हजार हा आकडा घरगुती वापराला शोभतो, टूर्सच्या गाडीला तो पहिल्या दोन वर्षांतच गाठता येतो.


गंगापूररोडकर

क्रिस्टा पाहून आलो. नोंदणी पहिल्यापासून खासगी आहे, सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत आणि शेवटची नोंद मीटरशी जुळते. इंजिन थंड होते, झाकण उडाले नाही. तिसऱ्या गिअरमध्ये क्लच थोडा घसरला, म्हणून मालकाने पस्तीस हजार कमी केले आणि मी चाळीसवर अडून बसलो आहे. आईला बरोबर नेले होते. ती चढली, मधल्या आसनावर बसली, दार ओढून लावले आणि उतरायला तयार होईना.

आरटीओत ट्रेलरच्या बांधणीचा आराखडा आणि चेसिस क्रमांकासह बिल मागितले आहे, त्यामुळे फॅब्रिकेटरच्या दारात पुन्हा जावे लागेल. ब्रेकची ॲक्सल बसून नोंदणी पूर्ण होईपर्यंत ट्रेलर अंगणातच राहील. जवळच्या कार्यक्रमांना भांडी गाडीत घालून नेऊ आणि मिसळ टेबलावर वाढू, असे पत्नीने ठरवले आहे. टो-बार फ्रेमला बोल्टने बसवणारा नाशिकमधला खात्रीचा कारागीर कोणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत संदेश पाठवावा.